‘ए’ की ‘बी’? कदाचित दोन्ही

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. इंग्लंडमध्ये ज्यांची मुलं इयर टेनमध्ये किंवा त्यापुढे आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा. अमेरिका-दुबईवाल्यांनी हवं तर सोडून द्या, कारण मी बोलणार आहे ते इथल्या ए-लेव्हलबद्दल.

निकालाचा दिवस म्हणजे ऑगस्टमधला तो गुरुवार. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी साडेआठपासून पेढ्यांचे फोटो, “थ्री ए-स्टार्स, बाप्पाची कृपा”, खाली युनिव्हर्सिटीचं नाव. ज्यांच्या घरी तसं काही झालेलं नसतं ती घरं गप्प. गेल्या वर्षी त्या गप्प घरांपैकी एक माझ्या जवळच्या मैत्रिणीचं होतं. (तिला विचारून लिहितेय, पण नाव-गाव देणार नाही.) मुलगा वाचणारा, इतिहासाचं वेड असलेला. ऑफर होती ए-ए-बी, आणि इतिहासाला ए हवाच अशी अट. आला बी. वरच्या ग्रेडची रेषा दोन मार्कांनी हुकली. शाळेने फेरतपासणी मागितली, उत्तर आलं, बदल नाही. युनिव्हर्सिटीने जागा धरून ठेवली नाही. पोरगा दुसऱ्या पसंतीच्या ठिकाणी गेला, तिथे रुळलासुद्धा. पण त्या वर्षी गणपतीत त्याची आई आरतीला आली नाही. “सगळे विचारणार ना गं,” म्हणाली. आणि जरा थांबून म्हणाली, “कमीच पडला असेल त्याचा अभ्यास.”

त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. अभ्यास कमी पडला हे तिला कोणी सांगितलं? एका अक्षराने. आणि त्या अक्षरावर तिचा जेवढा विश्वास आहे तेवढा ते अक्षर छापणाऱ्यांचाही नाही, हे तिला माहीतच नव्हतं. मलाही तोवर नव्हतं. मग मी माझ्या सवयीप्रमाणे कागद काढून वाचायला बसले.

आधी पेपर तपासतात कसा ते बघा. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन परीक्षकाच्या पडद्यावर येते. अख्खा पेपर एकाकडेच जातो असं नाही, बरेचदा सुटे सुटे प्रश्न वाटले जातात. मुख्य परीक्षकांनी आधीच मार्क ठरवून ठेवलेली काही उत्तरं मध्येमध्ये गुपचूप पेरलेली असतात. त्या उत्तरांना तुम्ही दिलेले मार्क आणि मुख्य परीक्षकांचे मार्क यांत ठरलेल्यापेक्षा जास्त फरक पडायला लागला, की तुमचं तपासणं थांबवतात. आम्ही ऑडिटमध्ये टेस्ट चेकिंग करतो, त्याचाच हा भाऊ. पद्धत चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण “ठरलेल्यापेक्षा जास्त” हे शब्द बघा. म्हणजे ठरलेल्याइतका फरक चालतो. वीस-पंचवीस मार्कांच्या निबंधाला एकाने १७ दिले, दुसऱ्याने १९ दिले, तर दोघंही बरोबर. कोणीही चुकलेलं नाही.

आता असे चार-पाच मोठे प्रश्न, दोन-तीन पेपर. फरक कधी एकमेकांना खाऊन टाकतात, कधी साठत जातात. शेवटी बेरीज होते आणि त्या बेरजेवर एक रेषा मारली जाते. रेषेच्या या बाजूला ए, एक मार्क खाली बी. मार्क लवचीक, रेषा मात्र सुरीसारखी. गंमत म्हणजे ती रेषाही दर वर्षी हलते. पेपर सोपा गेला की कठीण आणि त्या बॅचचे जीसीएसईचे निकाल कसे होते, हे देशपातळीवर बघून ती तपासणी झाल्यानंतर ठरवतात.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. इथली परीक्षांवर देखरेख करणारी सरकारी संस्था म्हणजे ऑफक्वल. तिने २०१८ मध्ये स्वतःच एक अभ्यास छापला. प्रश्न साधा होता. मुलाला मिळालेली ग्रेड आणि तोच पेपर सर्वांत वरिष्ठ परीक्षकाने तपासला असता तर मिळाली असती ती ग्रेड, या दोन्ही एकच असण्याची शक्यता किती? गणितात ९६ टक्के. उत्तम. पण इंग्रजी भाषा आणि साहित्य या जोडविषयात ५२ टक्के. बावन्न! नाणं उडवलं तर पन्नास येतात. इतिहासही याच खालच्या टोकाला. मधे विज्ञान, अर्थशास्त्र वगैरे.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, ऑफक्वलच्या तेव्हाच्या प्रमुख डेम ग्लेनिस स्टेसी यांनी संसदेच्या शिक्षण समितीसमोर सांगितलं, की ग्रेड विश्वासार्ह असते ती एक ग्रेड इकडे किंवा तिकडे, एवढ्या मर्यादेत. आता हे वाक्य मैत्रिणीच्या मुलाच्या बीला लावून बघा. तो बी म्हणजे कदाचित ए, कदाचित बी, कदाचित सी. आणि तिने ठरवून टाकलं की अभ्यास कमी पडला.

मी सीए आहे. पुण्यात आर्टिकलशिप केली, आता इथे ऑडिटमध्येच काम करते. वीस वर्षं आकड्यांत गेली, आणि आकड्यांत राहणाऱ्या माणसाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की आकडा पैशापर्यंत बरोबर आहे असं कधीच म्हणायचं नाही. ऑडिट रिपोर्टमध्ये आम्ही “हिशोब अचूक आहे” असं लिहीत नाही, हिशोब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात असं लिहितो. किती रकमेची चूक आम्ही महत्त्वाची धरली, त्याला मटेरियालिटी म्हणतात. ब्रिटनमध्ये बड्या लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिट रिपोर्टमध्ये हा मटेरियालिटीचा आकडा छापावाच लागतो. २०१३ पासून तसा नियमच आहे. का? तर भागधारकांना कळावं की या नफ्याच्या आकड्याला इतकं पुढे-मागे आहे, त्या हिशोबाने विश्वास ठेवा.

म्हणजे या देशात कंपनीच्या नफ्याला पुढे-मागे आहे. अठरा वर्षांच्या पोराच्या इतिहासाच्या पेपरला नाही. त्याच्या सर्टिफिकेटवर बी छापलंय, संपला विषय.

“मग फेरतपासणी असते ना?” असते. पेपरमागे पन्नासेक पौंड भरा. ग्रेड बदलली तर पैसे परत, आणि मार्क कमी होण्याचीही तयारी ठेवा. पण २०१६ पासून नियम असा घट्ट केलाय, की पहिल्या तपासणीत चूक असेल तरच मार्क बदलायचे. दुसऱ्या परीक्षकाला वाटलं की मी असतो तर दोन जास्त दिले असते, तरी ती चूक धरत नाहीत. पहिले मार्क “वाजवी” होते ना, मग ते राहतील. आलं लक्षात? पहिल्या परीक्षकाचे १७ बरोबर आणि दुसऱ्याचे १९ही बरोबर, हे यंत्रणेला मान्य आहे. पण ज्याचं मत आधी पडलं त्याचंच कायमचं. माझ्या क्लायंटने मला असला नियम दाखवला असता तर मी त्याची सगळी व्हाउचर्स पुन्हा मागवली असती.

इथे काही जण म्हणतील, मग परीक्षाच बंद करा, शिक्षकांना ग्रेड देऊ द्या. थांबा. तोही प्रयोग करून झालाय. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा आधी आणला तो अल्गोरिदम. शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी इंग्लंडमध्ये जवळपास ४० टक्के त्याने खाली ओढल्या. जिथे वर्गात अगदी कमी मुलं होती तिथे शिक्षकांचीच ग्रेड धरली गेली, त्यामुळे लहान वर्ग असलेल्या खासगी शाळांचा आपोआप फायदा झाला. मुलं रस्त्यावर आली आणि १७ ऑगस्टला सरकारला तो गुंडाळावा लागला. पुढच्या वर्षी सगळं शिक्षकांवर सोडलं. काय झालं? ए आणि ए-स्टारचं प्रमाण २०१९ मध्ये साधारण २५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं. शिक्षक लबाड होते असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्या वर्गातल्या मुलाला कमी कोण देईल हो? पण ग्रेडचा अर्थच पातळ झाला. आणि घरून करून आणायच्या कोर्सवर्कबद्दल तर आपणच बोलू नये. आपल्यातल्या किती घरांत प्रोजेक्ट बाबांनी “जरा नजरेखालून घातला” आहे ते आपल्याला ठाऊक आहे. आता तर बाबांचीही गरज नाही, एआय आहे.

तर मी परीक्षेच्या विरोधात नाही. उलट निबंधाच्या, मोठ्या उत्तरांच्या बाजूने आहे. मुलाला विचार करायला लावणारा प्रश्न विचारला की दोन जाणत्या माणसांत त्या उत्तराबद्दल थोडा मतभेद होणारच. तो दोष नाही, ती चांगल्या प्रश्नाची किंमत आहे. माझं म्हणणं एवढंच, की ती किंमत सध्या मुलं एकटी भरतायत, आणि आपण भरतोय हे त्यांना कोणी सांगतही नाही.

गेल्या काही वर्षांत इथे सुधारणेची भाषा कमी झालेली नाही. २०१५ पासून ए-लेव्हल पुन्हा दोन वर्षांच्या शेवटी एकदमच द्यायची केली, एएस वेगळी काढली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी ए-लेव्हल आणि टी-लेव्हल एकत्र करून नवं काहीतरी आणायचं जाहीर केलं, अठरापर्यंत सगळ्यांना गणित. आपल्या ग्रुपवर केवढा आनंद झाला होता तेव्हा! पुढच्या जुलैमध्ये नव्या सरकारने ते रद्द केलं. मग प्राध्यापक बेकी फ्रान्सिस यांच्या समितीचा अहवाल आला, नोव्हेंबर २०२५. ए-लेव्हल ठेवा, जीसीएसईच्या परीक्षांचा वेळ दहाएक टक्क्यांनी कमी करा. त्यावर आपण काय बोललो? “स्टँडर्ड घसरवतायत.” “आपल्याकडे बारावीला बघा.” चाळीस मेसेज झाले. विषय किती, तास किती, गणित सक्तीचं की नाही, यावर सगळे तावातावाने. पण त्या तासांच्या शेवटी जो निकाल लागतो तो कितपत खरा, यावर एक मेसेज नाही. माझाही नव्हता.

आपल्याला हे सुचत नाही, कारण आपण टक्क्यांत वाढलो. मला बारावी कॉमर्सला ८४.६७ टक्के होते. ६०० पैकी ५०८. तो पॉइंट सहा सात माझ्या आईने वर्षभर सगळ्यांना सांगितला, जणू तो कुठल्या तराजूवर तोलून आणला होता. अमक्याच्या मुलीला ८४.५०, म्हणजे माझी पुढे! एका मार्काचा फरक. मराठीच्या पेपरातल्या निबंधाला कोणी एक मार्क इकडचा तिकडे दिला असता तर आई गप्प बसली असती. तोच चष्मा आपण विमानातून इथे आणला आणि मुलांच्या डोळ्यांवर चढवला.

आता खरा त्रास कुठे होतो ते सांगते. माझी मुलगी इयर इलेव्हनला आहे. ए-लेव्हलचे तीन विषय निवडायचे आहेत. तिला हवेत इतिहास, इंग्रजी साहित्य आणि अर्थशास्त्र. वरचे आकडे वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हिला मॅथ्स घ्यायला लावावं, किमान ग्रेड तरी भरवशाची मिळेल. शुद्ध रिस्क मॅनेजमेंट. एकदा बोलूनही गेले. ती म्हणाली, “आई, म्हणजे तपासणाऱ्यांना नीट जमत नाही म्हणून मी हिस्ट्री सोडायची?”

मला उत्तर देता आलं नाही, अजूनही नाही. पण आपल्यातली किती घरं नकळत हाच हिशोब करतात? “सेफ सब्जेक्ट्स” हा शब्द मी आपल्या ग्रुपवर शंभरदा वाचलाय. गणिताला बसणाऱ्यांचा आकडा २०२४ मध्ये एक लाखाच्या वर गेला, सगळ्यांत लोकप्रिय विषय तोच. गणिताशी माझं भांडण असायचं कारण नाही, माझी चूल त्याच्यावर पेटते. पण जे नेमकं मोजता येतं तेच शिकायचं, असा अभ्यासक्रम कुठल्याही समितीने न ठरवता आपणच घराघरांत ठरवतोय. आणि हे ठरवणारे आपण तेच, जे दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांना आपला इतिहास माहीत नाही म्हणून हळहळतो.

आणखी एक कलम, ऑफरचं. इथे मुलं अर्ज करतात शाळेने वर्तवलेल्या ग्रेडवर, निकाल नंतर. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या जिल वायनेस यांच्या २०१६ च्या अभ्यासात असे अंदाज फक्त १६ टक्के अर्जदारांच्या बाबतीत बरोबर निघाले होते. बहुतेकांचे जास्तच वर्तवलेले. पण गरीब घरांतल्या हुशार मुलांचे अंदाज कमी लावले जाण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे एक अंदाज, त्यावर बेतलेली ऑफर, आणि ती पक्की करायला दुसरा अंदाज, ज्याला आपण निकाल म्हणतो. निकालानंतर प्रवेश द्यावेत का, यावर सरकारने जानेवारी २०२१ मध्ये लोकांची मतं मागवली होती. वर्षभराने, फेब्रुवारी २०२२ मध्ये, तो विचारच सोडून दिला. तेव्हा आपल्यापैकी कोणी मत पाठवलं होतं? मी नव्हतं पाठवलं. माझी मुलगी तेव्हा लहान होती आणि मला वाटलं, आपल्याला काय त्याचं.

मला काय हवंय ते सरळ लिहिते. सर्टिफिकेटवर किंवा त्यासोबतच्या कागदावर त्या विषयाच्या ग्रेडचं पुढे-मागे किती, ते छापा. आकडा ऑफक्वलकडे आहे, नवीन शोध लावायचा नाही. फेरतपासणीत दुसऱ्या परीक्षकाचं मतही धरा. दोन वाजवी मतं रेषेच्या दोन बाजूंना पडत असतील तर फायदा मुलाला द्या. कोर्टात संशयाचा फायदा चोरालाही मिळतो. आणि युनिव्हर्सिट्यांनी एका ग्रेडने हुकलेल्या मुलाला तरी नुसत्या अक्षरावरून नाकारू नये. त्याने केलेला एक्स्टेंडेड प्रोजेक्ट बघा, उत्तरपत्रिका मागवून वाचा, दहा मिनिटं बोला. शाळेमार्फत उत्तरपत्रिकेची प्रत मिळते, म्हणजे कागद आहे. वाचायला वेळ नाही म्हणत असाल तर फी कसली घेता?

“अगं, पण रेषा कुठेतरी मारावीच लागणार ना,” असं माझा नवरा म्हणतो. तो इंजिनिअर आहे, त्याला टॉलरन्स समजतो, म्हणून त्याच्याकडून हे ऐकून मला जास्त राग आला. मारा की रेषा! पण वर्कशॉपमधल्या ड्रॉइंगवरसुद्धा मापाशेजारी प्लस-मायनस लिहिलेलं असतं. ते न लिहिता कोणी पार्ट नाकारला तर तूच भांडशील ना? यावर तो चहा करायला गेला.

राहता राहिलो आपण. ऑफक्वलला मी बदलू शकत नाही, पण ग्रुपची ॲडमिन मीच आहे. तर यंदा ऑगस्टमध्ये आपल्या ग्रुपवर ग्रेड टाकायच्या नाहीत. मूल कुठे चाललं, काय शिकणार, ते जरूर सांगा, पेढे तर हवेतच. अक्षरं नकोत. कोणाला हा अन्याय वाटत असेल तर मला फोन करा, भांडू.

दुसरं, मी माझ्या खासदाराला पत्र लिहिलंय. एक पान, तीन मागण्या, ऑफक्वलचे आकडे. आपल्या विभागाच्या खासदाराला पाठवता येईल असा त्याचा मसुदा तयार आहे. खाली “पत्र” एवढंच लिहा, पाठवते. मुलांच्या नावाची गरज नाही. मैत्रिणीने पाठवलंय. तिच्या मुलाने इंग्रजी तपासून दिलं, आणि माझ्या तिसऱ्या परिच्छेदातली तारखेची एक चूक काढली.

लेकीचा विषय निवडीचा फॉर्म अजून फ्रिजवर लावलेला आहे. दोन रकाने तिने पेनने भरलेत. तिसऱ्यात अर्थशास्त्र पेन्सिलने लिहिलंय, आणि मी अजून खोडरबर हातात घेतलेलं नाही.